सही केलेला निळा

१

निवृत्त ग्रंथपाल स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडले, तेव्हा त्यांना पडून दीड दिवस झाला होता. कमरेचं हाड मोडलं होतं, शुद्ध येऊन-जाऊन होती आणि ओट्यावरचा चहा कपातच सुकला होता. दारातलं दूध दोन दिवस कुणी उचललं नाही हे शेजारणीच्या लक्षात आलं, म्हणून दार उघडलं गेलं. एरवी त्यांच्याकडे कुणी येत नसे.

डॉक्टरांनी घरातली औषधं मागवली. एकाच कंपनीच्या गोळ्यांचे दोन बॉक्स आले. एक सकाळच्या गोळीचा, एक रात्री झोपेसाठी घ्यायच्या गोळीचा. सहा वर्षं सकाळचा बॉक्स निळा असायचा आणि रात्रीचा जांभळा. या वेळी दोन्ही जांभळे होते. ग्रंथपालांना छापील अक्षर आता दिसत नसे. तीन दिवस ते सकाळी उठून झोपेची गोळी घेत होते.

बाईंना हे कळलं ते बाराव्या दिवशी, फोनवर.

बाई एकतीस वर्षं छापखान्यात रंग तपासायच्या. गळ्यात काळ्या दोरीला छोटं भिंग, म्हणून कामगारांनी त्यांचं नाव भिंगबाई ठेवलं होतं. तोंडावर मात्र नुसतं बाई. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, नवरा जाऊन नऊ. मुलगी दूर असायची. दर रविवारी फोन करायची आणि "आई, बरी आहेस ना?" याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत तिला काहीतरी काम निघायचं. बाईंचा दिवस वर्तमानपत्रानं सुरू व्हायचा. बातम्या नंतर. आधी पानाच्या कडेचे चार रंगीत ठिपके भिंगाखाली धरायचे, ते एकमेकांवर नीट बसलेत का बघायचं, आणि बसले नसले तर "च्यक्" करायचं. ते ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्या गुरुवारी फोन वाजला तेव्हा त्या दचकल्याच.

"बाई, छापखान्यातून बोलतोय," मालक म्हणाले. आवाज पार बसलेला. "मोठं बालंट आलंय हो आमच्यावर."

त्यांनी सगळं सांगितलं. बाजारातले बॉक्स कंपनीनं परत मागवले होते. कंपनीचं म्हणणं असं, की मशीनवरच्या आबांनी लाल शाई वाढवली आणि निळ्याचा जांभळा केला. सोमवारी आबांच्या नावानं पोलिसांत तक्रार जाणार होती. मालकांनी आबांना तूर्त घरी बसवलं होतं.

"आबांच्या हातून शाई जास्त पडली?" बाई म्हणाल्या. "तुमचा विश्वास बसतो?"

"माझ्या विश्वासाला कोण विचारतंय! सहीचा ताव असता तर मिनिटात निकाल लागला असता."

छपाई सुरू करताना मशीनवरून निघालेला पहिला चांगला कागद गिऱ्हाइकाला दाखवतात. त्यानं सही केली की पुढचे सगळे त्याच्यासारखे काढायचे. तो सहीचा ताव. भांडण झालं तर पुरावाही तोच.

"मग काढा की तो ताव."

"तेच तर! कंपनीचे ब्रँडचे साहेब चौकशीला आले. मी कपाटातून या कामाचं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि फोन घ्यायला बाहेर गेलो. परत येतो तर साहेब पाकीट उलटं करून झटकत होते." मालक म्हणाले, "बाई, पाकिटात तावच नव्हता."

२

छापखान्यात जायच्या आधी बाई दवाखान्यात गेल्या. ज्याच्यावर हे सगळं बेतलं तो माणूस एकदा पाहावा, एवढंच मनात होतं.

बाकीच्या खाटांभोवती माणसं होती. ग्रंथपालांच्या खाटेशेजारची खुर्ची रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे बघून इतर रुग्णांचे नातेवाईक तिच्यावर आपल्या पिशव्या ठेवून गेले होते. बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि बसल्या.

"तुम्ही कंपनीच्या?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नाही. मी रंगांचं काम करायचे."

"मग तुम्हाला सांगतो. अक्षरं माझी राहिली नाहीत. चाळीस वर्षं त्यांच्यात काढली, पण गेली. रंग तेवढे उरलेत." ते छताकडे बघत बोलत होते. "दोन्ही बॉक्स खिडकीत नेऊन पाहिले. एकाच रंगाचे वाटले. कुणाला विचारायचं? एक ओट्यावर ठेवला, एक उशाशी. उलटे ठेवले गेले."

"तुमची काही चूक नाही त्यात."

"चूक नाही हो. पण विचारायला कुणी नव्हतं, हे तिथे पडल्यावर दीड दिवस आठवत होतो."

बाईंनी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली. त्या उठल्या तेव्हा पिशव्या परत खुर्चीवर ठेवाव्या की नको, याचाच त्यांनी उगाच विचार केला. मग खुर्ची रिकामीच ठेवून निघाल्या.

छापखान्यात त्यांच्या जुन्या टेबलावर आता गठ्ठे रचलेले होते. मालकांनी ते लगबगीनं हलवले आणि दोन बॉक्स पुढे ठेवले. गेल्या वर्षीचा निळा आणि आताचा जांभळट. बाईंनी भिंग टेकवलं.

जुन्या बॉक्सवरचा निळा एकसंध होता. ठिपका नाही, जाळी नाही. भिंतीला हात मारावा तसा सलग. हा रंग आबा स्वतः शाया मिसळून बनवायचे आणि त्या एकाच शाईनं छापायचे. नवा बॉक्स भिंगाखाली येताच त्याचे ठिपके ठिपके झाले. फिकट निळे ठिपके, त्यांच्यामध्ये गडद गुलाबी ठिपके, दाटीवाटीनं. छापखान्यात त्या फिकट निळ्याला सायन आणि गुलाबीला मॅजेंटा म्हणतात, आणि कंपनी जिला लाल शाई म्हणत होती ती हीच.

मग त्यांनी दोन्ही बॉक्सवरची 'मुलांपासून दूर ठेवा' ही लाल ओळ पाहिली. तिच्यातही तीच मॅजेंटा. दोन्हीकडे ओळ सारखीच लाल, सारखीच रेखीव. बाई त्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळल्या.

"काय दिसलं?" मालकांना धीर निघेना.

"आबांनी आपली निळी शाई बिघडवली म्हणताय ना तुम्ही?" बाईंनी भिंग पुसलं. "या बॉक्सला आबांची निळी शाई लागलेलीच नाही."

३

मशीनवर जायच्या आधी संगणकावरची फाइल पत्र्याच्या प्लेटांवर उतरवावी लागते. ते काम प्लेटवाल्याचं. बंद खोली, एक यंत्र आणि तो. बाईंना बघून उठून उभा राहिला, पण नजर काही वर करेना.

"माझ्याकडे रंग येतच नाहीत, बाई," त्यानं आधीच सांगून टाकलं. "चार शायांच्या चार प्लेटा, आणि चारही राखाडी. जांभळं झालं का निळं, मला काय दिसणार?"

"तुझ्यावर कुणी खापर फोडत नाहीये. फाइल कुठून आली तेवढं सांग."

"थेट कंपनीकडून." त्यानं पडद्यावर निरोप काढून दाखवला. नवा निळा आहे. वेगळी शाई मिसळू नये, नेहमीच्या चार शायांत छापावे. फाइलला हात लावू नये.

"आणि तू लावला नाहीस."

"लावू नका म्हटल्यावर कशाला लावतो?" मग तो गप्प झाला. बाईही गप्प राहिल्या. एकतीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या, माणसाला थोडी जागा दिली की तो स्वतःच पुढे सरकतो.

"संगणकानं विचारलं होतं," तो शेवटी म्हणाला. "फाइल पडद्यासाठीची आहे, शायांत बदलू का, असं. मी हो दाबलं. दिवसातून वीस वेळा विचारतो तो. वाचतो कोण?"

"फाइल कुणी बनवलीय ते कळेल?"

"पोटात नोंद असते." त्यानं दोन कळा दाबल्या आणि मान हलवली. "सहा वर्षांपूर्वी हा बॉक्स जिनं बनवला, तीच. ती डिझायनर."

४

डिझायनर मुलगी एका खोलीत राहायची आणि त्याच खोलीत काम करायची. पलंगापासून टेबल दोन पावलांवर. टेबलावर दोन पडदे, त्यांच्या मागे जाड पडद्यानं झाकलेली खिडकी.

"उजेड आला की रंग फसवतात," तिनं सांगितलं आणि एकदम हसली. "माझा आवाज बसलाय ना? चार दिवसांनी बोलतेय कुणाशी तरी."

बाईंनी बॉक्स पुढे ठेवला. मुलीचं हसू गेलं.

"हा माझा नाही. म्हणजे फाइल माझी आहे, पण ती इथे यायला नको होती." तिनं कपाटातून एक पातळ पुस्तिका काढली. कंपनीचं चिन्ह कसं वापरायचं याचे नियम त्यात होते, आणि एका पानावर एकच निळा, त्याखाली चार ओळींत चार वेगळे आकडे. "हे बघा. एकच रंग, पण नावं चार. पहिला मिसळलेल्या शाईचा क्रमांक, बॉक्ससाठी. दुसरा चार शायांचं प्रमाण, मासिकातल्या जाहिरातीसाठी: सायन शंभर, मॅजेंटा पंचेचाळीस. तिसरा पडद्याचा, आणि चौथा तोच पडद्याचा आकडा वेबसाइटवाल्यांच्या लिपीत."

"आणि पडद्याचा आकडा छापायला दिला तर?"

"पडद्यावर दिवे असतात. लाल, हिरवा आणि निळा. कंपनीनं नवं मोबाइल ॲप काढलं तेव्हा मी त्यांना झगझगीत निळा करून दिला. लाल दिवा बंद, हिरवा बंद, निळा पूर्ण. असला निळा कुठल्याच शाईत नाही, बाई. कागदाला दिवा कुठून आणणार? मग संगणक जवळचं काहीतरी शोधतो आणि मॅजेंटा ओततो, सत्तरच्या वर. जांभळा होतो."

"हे कंपनीला माहीत होतं?"

"मी फोल्डरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त पडद्यासाठी. पण त्यांना ॲप आणि बॉक्स एकसारखे हवे होते. मी म्हटलं, डोळ्यांनी जुळवावं लागेल, आकड्यांनी नाही जुळणार. त्यावर ते म्हणाले, आकडा तोच म्हणजे रंग तोच."

"ते म्हणजे कोण?"

"आकडेसाहेब." ती ओशाळली. "आम्ही म्हणतो तसं. ब्रँडचे साहेब. कुठलाही रंग दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला: नंबर काय?"

बाई निघताना मुलगी जिन्यापर्यंत आली, उगाचच आणखी दोन पायऱ्या उतरली.

"फाइल आणखी कुणाकडे गेली होती?" बाईंनी शेवटचं विचारलं.

"कुणाकडे नाही. त्यांना एकट्यांनाच."

५

म्हणजे चुकीची फाइल साहेबांनी पाठवली, हे उघड झालं. पण फाइल चुकली तरी मशीनपाशी चूक पकडायची असते, सही त्यासाठीच घेतात. तिथे काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातले एक आबा.

बाईंनी आबांसोबत बावीस वर्षं काम केलं होतं आणि त्यांचं घर पहिल्यांदाच पाहत होत्या. दोन खोल्या, भांडी मोजकी, गादी नीट गुंडाळलेली. आबा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. बाईंची नजर त्या हातांवर गेली. नखांतली शाई निघून गेली होती. बावीस वर्षांत ती नखं त्यांनी पांढरी पाहिली नव्हती.

"काय झालं त्या दिवशी?"

"दहाबारा ताव निघाले, मी मशीन थांबवलं. म्हटलं हे जांभळं आहे. साहेबांना फोन लावला. ते स्वतः आले."

"कुठे पाहिला त्यांनी ताव?"

"तुमच्या टेबलावर. पांढऱ्या दिव्याखाली. खिशातून चिठ्ठी काढली, तिच्यावरचा नंबर पाहिला, तावावरचा कामाचा नंबर पाहिला. मी दोनदा म्हटलं, साहेब, जांभळं येतंय. ते म्हणाले, मला निळंच दिसतंय, चालवा. सही केली."

"आणि तुम्ही चालवलंत."

आबांनी हात उलटे केले आणि परत सुलटे केले. "सही झाली की मशीनवाल्याचं काम उरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते म्हातारबाबा कसे आहेत?"

"वाचतील."

"त्या पोलिसांचं काही वाटत नाही मला," आबा म्हणाले. "पण एवढा धडधडीत जांभळा ताव, आणि डोळस माणूस म्हणतो निळा. इतके दिवस हेच डोक्यात. त्यांना काय दिसलं असेल?"

बाई परतीच्या वाटेवर हाच प्रश्न घेऊन चालत राहिल्या. दिवसाउजेडी, पांढऱ्या दिव्याखाली हा ताव लहान मुलानंही जांभळा म्हटला असता. मग दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता. निदान शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं.

६

आकडेसाहेब पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला अगदी मऊ. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची ओढून दिली, पंख्याचा वेग विचारला. खोलीत एका भिंतीवर रंगांचे तुकडे टाचणीनं लावलेले होते, आणि प्रत्येक तुकडा उलटा. रंग भिंतीकडे, क्रमांक खोलीकडे.

"व्यवस्थित राहतं असं," बाईंची नजर ओळखून ते म्हणाले. "रंगाबद्दल दहा माणसं दहा मतं देतात. आकडा भांडत नाही."

"फाइल तुम्ही पाठवलीत."

"हो. ते मी नाकारत नाही. पण मी मशीनपाशी पाहिला तो ताव निळा होता. मी निळ्यावर सही केली. मी निघाल्यावर त्या गृहस्थांनी लाल शाई वाढवली असणार. म्हणून तर ताव गायब केला त्यांनी."

"तुम्ही पक्कं सांगताय? निळा होता?"

"निळा होता." ते इतक्या सरळपणे म्हणाले, की बाई चक्रावल्या. खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. शाई वाळली नसताना वाळली म्हणणारे, एक ताव लपवून दुसरा दाखवणारे. त्यांचे डोळे एक क्षण तरी दुसरीकडे जातातच. या माणसाचे हलले नाहीत.

"उद्या पुन्हा यावं लागेल मला," बाई म्हणाल्या.

"उद्या शनिवार, कुणी नसेल. मी मात्र असतो. दारावर चिठ्ठी दाखवा." टेबलावर पेनं भरलेला पेला होता. त्यांनी एक पेन उचललं, चिठ्ठी लिहिली, खाली सही केली. "कंपनीचा नियम आहे, सही निळ्या शाईतच. नाहीतर पहारेकरी अडवतो."

बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, जिना उतरल्या आणि खालच्या उजेडात ती पुन्हा एकदा बाहेर काढली. मग त्या तिथेच पायरीवर बसल्या.

निळ्या शाईतली म्हणून केलेली ती सही जांभळी होती.

७

शनिवारी इमारत ओस पडली होती. मधल्या मोठ्या दालनात रिकाम्या खुर्च्या, आणि टोकाच्या खोलीत दिवा. बाईंना वाटलं, या माणसाचे सगळेच शनिवार असे जात असणार.

त्यांनी मालकांना आणलं नव्हतं, आबांनाही नाही. चारचौघांत करायची ही गोष्ट नव्हती.

"तुम्ही म्हणता आबांनी मॅजेंटा वाढवली," बाई बसल्या बसल्या म्हणाल्या. "तर ऐका. मशीनवर शाई वाढवली की ती कागदाच्या त्या अख्ख्या पट्ट्यात, सगळ्यावर वाढते. बॉक्सवरची लाल ओळ त्याच पट्ट्यात आहे, आणि तिच्यातही तीच शाई आहे. ती ओळ थबथबली असती. तिचे ठिपके फुगून एकमेकांना चिकटले असते. मी भिंगातून पाहिली. ती गेल्या वर्षीइतकीच रेखीव आहे. म्हणजे मशीनवर कुणी काही वाढवलं नाही. एवढी मॅजेंटा प्लेटेतच होती. पहिल्या तावापासून होती. निळा ताव त्या मशीनवरून त्या दिवशी निघालाच नाही, साहेब. तुम्ही ज्यावर सही केली तो जांभळाच होता."



"मग मी विचार केला, तुम्ही खोटं बोलताय. पण निळ्याबद्दल तुम्ही खोटं बोलत नव्हता."

बाईंनी पिशवीतून दोन बॉक्स काढून टेबलावर ठेवले. जुना आणि नवा. दोन्हींवरची अक्षरं आणि क्रमांक त्यांनी घरून पांढऱ्या कागदानं झाकून आणले होते. फक्त रंगाचा चौकोन उघडा होता.

"यातला निळा मला द्या."

साहेबांचा हात पुढे आला, आपोआप बॉक्स उलटा करू लागला, क्रमांकाच्या जागी कागद दिसताच थांबला. त्यांनी एक बॉक्स दिव्याजवळ नेला. दुसरा नेला. पुन्हा पहिला नेला. बाहेर कुठेतरी दार आपटलं, आणि ते एवढे दचकले की बॉक्स हातातून पडला.

"किती वर्षं?" बाईंनी हळूच विचारलं.

"जन्मापासून." साहेबांनी पडलेला बॉक्स उचलला. "लाल मला जवळजवळ दिसतच नाही. निळ्यात लाल मिसळलं तर माझ्यासाठी ते निळंच असतं. शाळेत मी झाडाची पानं तपकिरी रंगवली होती. मास्तरांनी चित्र वर्गभर फिरवलं. त्या दिवसापासून मी रंगाबद्दल बोललोच नाही. आकडे पाठ केले. मी इथे हिशेबनिसाचं काम करत होतो. आकडे चुकत नाहीत म्हणून त्यांनी ब्रँड माझ्याकडे दिला. मला नाही म्हणता आलं नाही. काय कारण सांगणार होतो?"

"घरी माहीत आहे?"

"घरी कोण आहे?"

पंखा फिरत राहिला.

"बॉक्स परत मागवले तेव्हा कंपनीत बैठक झाली, तिथे सगळे जांभळा, जांभळा म्हणत होते," ते पुढे म्हणाले. "मीही म्हणालो. आणि म्हणताना आठवलं, आबा मशीनपाशी नेमकं हेच म्हणाले होते. दोनदा. मी घाबरलो. त्या तावावर माझी सही होती. तो बाहेर आला असता तर पहिला प्रश्न हाच आला असता, याला दिसलं कसं नाही?"

"म्हणून पाकीट झटकून दाखवलंत."

त्यांनी खणाला किल्ली लावली आणि घडी घातलेला ताव बाहेर काढला. घड्यांच्या जागी कागद मऊ पडला होता, फार वेळा उघडल्यासारखा.

"फाडायला हवा होता. पण रोज काढून बघतो. तुम्हा सगळ्यांना यात काय दिसतं ते एकदा तरी दिसेल म्हणून." त्यांनी ताव पसरला. "मला अजून हा निळाच दिसतो, बाई."

बाईंना त्या क्षणी त्यांची दया आली, आणि दया येऊ नये असंही वाटलं. एका खाटेवर एक माणूस छताकडे बघत पडला होता. दुसरा इतके दिवस आपले स्वच्छ हात मांडीवर ठेवून बसला होता.

"रंग दिसत नाही हा काही गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "पण आबांना दिसतो, हे त्या बैठकीनंतर तुम्हाला पक्कं कळलं होतं. तरी तुम्ही त्यांच्या नावानं तक्रार लिहिलीत. ती तुम्हीच मागे घ्यायची. आणि कारण तुम्हीच सांगायचं, मी नाही."

"सोमवारी—"

"आज. तुमच्या वरिष्ठांना फोन लावा. मी इथेच बसते."

साहेबांनी फोन उचलला. तीन वेळा आकडे फिरवले, तीन वेळा ठेवला. चौथ्यांदा पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हटलं. बाईंनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे त्यांना एकट्यानं बोलता येईल.

८

तक्रार गेली नाही. साहेबांना ब्रँडच्या कामावरून काढलं. कंपनीत ठेवलं की नाही, ते छापखान्यात कुणाला कळलं नाही आणि दोन दिवसांनी कुणी विचारलंही नाही. ग्रंथपालांचा खर्च कंपनीनं उचलला. त्यांना दवाखान्यातून सोडायला अजून महिना होता. बाई त्यांना सगळं सांगायला गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे तोही कुणाला विचारू शकला नाही."

सकाळचे बॉक्स नव्यानं छापायचे ठरले, मिसळलेल्या निळ्या शाईत. मालक स्वतः आबांना आणायला गेले. आबा आले. त्यांनी शाईचे डबे उघडले, पात्यानं काचेवर निळी आणि थोडी काळी घोटली, बोटानं कागदावर ओढून पाहिली, पुन्हा घोटली. बाई टेबलाशी उभ्या राहिल्या. अकरावा ताव आबांनी त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी भिंग टेकवलं. सलग, स्वच्छ निळा.

कंपनीनं सहीसाठी बाईंचंच नाव कळवलं होतं. त्यांनी सही केली. मशीन सुरू झालं आणि दुपारभर चालत राहिलं. दोघं एकमेकांशी चार शब्दही बोलले नाहीत. बावीस वर्षं असंच चालायचं आणि कुणाला कधी काही खटकलं नव्हतं.

काम संपल्यावर आबांनी रॉकेलच्या फडक्यानं हात पुसले आणि साबण लावायला नळावर गेले. "मालकांना सांगितलंय," पाठमोरेच ते म्हणाले. "उद्यापासून मी येणार नाही."

"का? सगळं मिटलं ना आता."

"मिटलं." नळ वाहत होता. "चोवीस वर्षं इथे आहे. या खोलीत नऊ माणसं काम करतात. इतके दिवस मी घरात बसून होतो, बाई. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एकानं येऊन दार वाजवलं नाही. मशीनचा राग नाही मला. पण इथे उभं राहिलं की तेच आठवत राहील."

बाईंना सांगता आलं असतं, की मला कळलंच उशिरा. ते खरंही होतं. पण निवृत्त झाल्यापासून त्याही या नऊ जणांपैकी कुणाच्या घरी गेल्या नव्हत्या. कोण आजारी, कोणाचं काय, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे कुणी येत नाही, एवढंच त्या मोजत बसल्या होत्या.

दोघं बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत वाट एकच होती, पुढे दोन दिशा. तिथे आबा थांबले, निरोपाचं काहीतरी बोलायला म्हणून.

"दुपारी मी घरीच असते," बाई म्हणाल्या. "रोजच असते."

 आबांनी खिशातून कामाचा एक फाटका कागद आणि पेन्सिल काढली. "पत्ता सांगा. मला ठाऊक नाही."

बाईंनी सांगितला. आबा एकेक अक्षर सावकाश लिहीत होते.

"तिसरा मजला," बाई म्हणाल्या. "डावीकडचं दार. घंटी कधीची बिघडलीय, दुरुस्त करायचं राहूनच गेलं. दार वाजवा."